खो-खोचा प्रश्न

बडोद्यात शियापुऱ्यातल्या त्या गल्लीच्या गणपतीत पाचव्या दिवशी आरतीनंतर 'ओळखा खेळाडू' व्हायचं, आणि त्याची तऱ्हाच न्यारी होती. ज्याचं नाव शेंबड्या पोरालाही पाठ आहे असा खेळाडू तिथे चालत नसे. कुणी तसा प्रश्न काढलाच, तर मागच्या सतरंजीवरून हुर्यो उठे. तिथे मान होता तो अर्ध्यामुर्ध्या आठवणाऱ्यांना. बडोद्याकडून एकच मोसम खेळून पुढे चष्म्यांचं दुकान टाकणारा फिरकीवाला, रेल्वेच्या संघात राखीव म्हणून बसून बसूनच म्हातारा झालेला गोलकीपर, लाल मातीत नाव काढून शेवटी दूधकेंद्र चालवणारा पैलवान. 'अरे तो, तो नाही का, घाऱ्या डोळ्यांचा...' अशी कुणीतरी सुरुवात करी, दुसरा त्याचं गाव सांगे, तिसरा त्याच्या मेव्हण्याचं नाव सांगे, आणि असं करत करत नाव सापडलं की सगळ्यांना आपलीच हरवलेली वस्तू मिळाल्यासारखं होई.

आणि नाही सापडलं तर? तर त्या खेळाडूचं जागच्या जागी विसर्जन. मंडळाचे शरदकाका हात वर करत, ढोलवाला कनु दणादण ठोके देई, आणि अख्खा मंडप एका सुरात ओरडे, "विसर्जन!" मग हशा, टाळ्या. ज्याचं असं विसर्जन झालं त्याच्यावर पुन्हा कधी प्रश्न काढायचा नाही, हा मंडळाचा दंडक.

सत्त्याण्णव सालच्या गणपतीत प्रश्न काढायचं काम स्नेहल शितोळेकडे आलं. एरवी ते शरदकाका स्वतःच करत. शरदकाका म्हणजे शरच्चंद्र, संस्थानच्या काळापासून कचेरीत मुरलेल्या घराण्यातले, वळणदार अक्षराचे. पण यंदा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. ते म्हणाले, "स्नेहल, तू युनिव्हर्सिटीत शिकलेली. तू काढ. फक्त क्रिकेट क्रिकेट करू नकोस. ते केबलवर चोवीस तास चालूच आहे."

स्नेहलने हो म्हटलं आणि त्या क्षणापासून तिला घोर लागला. तशी ती काळजीच्या बाबतीत कुणाला हार जाणारी नव्हतीच. तिची ईशानी तीन वर्षांची, भिंगरीसारखी. मंडपात शिरलं की स्नेहल आधी गणपती बघायची नाही, वायरी बघायची. सुरतेच्या प्लेगपासून घरातलं पाणी उकळल्याशिवाय पोरीच्या तोंडी लागत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पळू दे तिला. पडली तर उठेल." स्नेहलला ते ऐकूनच धडकी भरायची.

पण हे सारखं लक्ष ठेवण्याचं वळण लागलं की माणसाला इतरही गोष्टी दिसतात. घरात कुणाच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट स्नेहलने लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी पाहिली होती. पाचव्या दिवशी सासूबाई, चिमणाबाई शितोळे, पेटीतली चांगली साडी काढायच्या. आरतीला नाही, विसर्जनाला नाही, फक्त त्या एका संध्याकाळी. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची धरायच्या. प्रत्येक प्रश्नाला मान जराशी पुढे व्हायची, आणि उत्तर आलं की परत मागे टेकायची. घरी येऊन साडीची घडी घालता घालता म्हणायच्या, "यंदाही क्रिकेटच फार होतं." बस्स. दुसरा शब्द नाही.

सासूबाई लग्नाआधी खो-खो खेळायच्या, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. 'आई खेळायची म्हणे,' असं. भाजीत मीठ कमी आहे म्हणे, तसं. पण ते नुसतं खेळणं नव्हतं. रेल्वेने त्यांना खेळासाठी नोकरी दिली होती. सकाळी प्रतापनगरच्या कचेरीत कागद शिवायचे, दुपार कलली की मैदान. पगार खरा खेळाचाच. शितोळ्यांकडे सोयरीक जुळली, तेव्हा स्नेहलचे आजेसासरे म्हणाले होते, "पळायचा पगार घेणारी सून? आमचे वाडवडील महाराजांच्या फौजेत होते, त्यांनीही पळायचा पगार घेतला नाही." लोक अजून तो विनोद म्हणून सांगत. सासूबाई तेव्हा हसत नसत, हे पाहणारीही स्नेहलच.

तिने गणपतीच्या आधी गवार निवडता निवडता हळूच विषय काढला.

"आई, तुमचा सगळ्यात भारी सामना कुठला हो?"

चिमणाबाईंनी शेंगेचा दोर ओढत तिच्याकडे नीट पाहिलं. "का गं?"

"सहज. ईशानीला सांगेन मोठी झाली की."

मग त्या बोलल्या. एकदा बोलायला लागल्यावर गवार तशीच राहिली. प्रतापनगरचं रेल्वेचं मैदान, समोर इंदूरचा संघ. आदल्या दिवशी गुडघा मुरगळलेला, टम्म सुजलेला. बाहेर बसा म्हणून सांगितलेलं. "मी आईची जुनी इरकल फाडली, तिचा लाल काठ गुडघ्याला आवळून बांधला आणि उतरले. इंदूरच्या पोरी वाघिणी होत्या हो! पण खांबाशी आले की मी अशी हुलकावणी द्यायची," त्यांनी बसल्या जागी खांदा असा वळवला की स्नेहलसुद्धा चुकून मागे सरकली, "की हात हवेतच. माझ्याबरोबरच्या सगळ्या बाद झाल्या. डाव संपल्याची शिट्टी झाली तेव्हा मी उभी होते. नाबाद. लोकांनी मैदानात टोप्या फेकल्या."

"हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं का नाही?"

"आपणहून सांगायचं म्हणजे मागून घेणं झालं," चिमणाबाई म्हणाल्या आणि परत गवारीला लागल्या. "ज्यांनी पाहिलं त्यांना आठवायला हवं."

स्नेहलने त्याच दुपारी प्रश्न लिहिला. 'गुडघ्याला इरकलीचा लाल काठ बांधून, इंदूरविरुद्ध प्रतापनगरच्या मैदानावर पूर्ण डाव नाबाद राहिलेली रेल्वेची खो-खोपटू कोण?' खाली उत्तर लिहिलं, चिमणाबाई शितोळे. लिहिताना तिला इतका अभिमान वाटला की तिने ते दोनदा गिरवलं.

पाचव्या दिवशी दुपारी तिने नवऱ्याला सांगितलं. धनाजीराव कोयलीच्या रिफायनरीत, दुसऱ्या पाळीला निघायच्या गडबडीत होते. त्यांनी डबा पिशवीत घालता घालता हात थांबवला.

"तू वेडी आहेस का? आणि कुणाला आठवलंच नाही तर?"

"आठवेल की."

"तीस वर्षं झाली त्याला. आपल्या गल्लीत कुणाला माहितीये? आई पुढच्या रांगेत बसणार आणि तिच्यासमोर लोक ओरडणार, विसर्जन! कनु ढोल बडवणार. मग?" ते चपला घालत म्हणाले, "काढून टाक तो प्रश्न. शरदकाकांना सांग, चुकून आला."

स्नेहल दारात तशीच उभी राहिली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं! जी बाई गॅसचं बटण तीन वेळा तपासते, तिच्या हातून एवढी मोठी गोष्ट निसटली. तिला रडूच आलं. दुपारभर तिने मनात वाक्य जुळवलं: काका, तो एक प्रश्न तेवढा वाचू नका. संध्याकाळी ती निघालीच होती, तेवढ्यात आतून हाक आली.

"स्नेहल, निऱ्या धर गं जरा."

चिमणाबाई आरशासमोर उभ्या होत्या. मोरपंखी पैठणी, लेकाच्या लग्नात नेसलेली. स्नेहल खाली बसून निऱ्या सारख्या करू लागली. वरून आवाज आला, अगदी साधा.

"यंदा तू काढलेत ना प्रश्न? खो-खोचा आहे का एखादा?"

खोटं बोलायला एक क्षण होता. तो गेला.

"आहे," स्नेहल म्हणाली.

"बरं," चिमणाबाई म्हणाल्या, आणि केसांत अबोलीचा गजरा माळला. आता तो प्रश्न काढून टाकणं म्हणजे पुढ्यातलं ताट उचलण्यासारखं होतं.

मंडप गच्च भरला होता. यंदा बक्षीस मिक्सरचं, रावपुऱ्यातल्या नव्या दुकानाने दिलेलं, त्यामुळे शेजारच्या गल्लीतलीही माणसं येऊन बसलेली. शरदकाका काळा चष्मा लावून माइकपाशी, हातात स्नेहलच्या चिठ्ठ्या डोळ्यांजवळ धरलेल्या. स्नेहल सासूबाईंच्या मागच्या खुर्चीवर, मांडीवर ईशानी, आणि ईशानीच्या फ्रॉकचा पट्टा मुठीत गच्च.

फिरकीवाल्याचा प्रश्न झाला. "अंपायरला आपल्या चष्म्याच्या दुकानाचं कार्ड दिलं म्हणून दंड झालेला," असं म्हणताच तिघे एकदम ओरडले, "पेंढारकर!" मंडप खिदळला. दूधकेंद्रवाला पैलवानही सापडला. "पैलवान कसला, पाणी घालायचा मेला!" असं बायकांच्या बाजूने कुणीतरी बोललं, त्यावर तर कनुने ढोलावर एक थाप आपणहूनच दिली.

मग व्हॉलीबॉलवाला. चष्मा बुटाच्या नाडीने डोक्याला बांधून खेळायचा, एका फटक्यात समोरच्याचा दात पाडला होता. नाव? लोकांनी डोकी खाजवली. "तो, तो नाही का, निजामपुऱ्याकडे राहायचा..." पण तो धागा तिथेच तुटला. शरदकाकांनी वाट पाहिली. कनुने विचारलं, "काका, ठोकूं?" काकांनी हात वर केला.

दण् दण् दण्. "विसर्जन!"

लोक पोट धरून हसत होते. चिमणाबाई हसल्या नाहीत. "बिचारा," त्या हळू म्हणाल्या, आणि त्यांनी पदर सारखा केला.

स्नेहलला वाटलं, पोरीला उचलून सरळ घरी जावं, लाइटच जावेत, काहीतरी व्हावं. पण बडोद्यात नको तेव्हा जाणारे लाइट त्या दिवशी गेले नाहीत.

"आता आपला खो-खोचा प्रश्न," शरदकाकांनी घसा साफ केला आणि संथपणे वाचलं. गुडघा. इरकलीचा लाल काठ. इंदूर. प्रतापनगर. पूर्ण डाव नाबाद.

लोक एकमेकांकडे बघू लागले. चिमणाबाईंची मान जराशी पुढे आली होती आणि तशीच थांबली होती. स्नेहलला त्यांचा फक्त गजरा दिसत होता, आणि गजरा अजिबात हलत नव्हता.

"खो-खोमध्ये बाई?" एक कॉलेजातला म्हणाला. "टीव्हीवर तर कधी नाय आली."

"तुझा टीव्ही यायच्या आधीची गोष्ट आहे रे," काका म्हणाले. "कुणी? कुणी आहे का?"

कनुने टिपरू उचललं. स्नेहलने डोळे मिटून घेतले.

"अहो, ती वत्सला!"

आवाज पुरुषांच्या बाजूने, अगदी मागून आला होता. दिनकरराव उभे राहिले होते, दांडिया बाजारातले, रेल्वेच्या हिशेबखात्यातून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध. "वत्सला सुर्वे! दुसरी कोण? मी होतो त्या सामन्याला. माझी टोपी गेली त्या दिवशी, परत मिळालीच नाही."

"हो हो, सुर्व्यांची वत्सला!" बायकांमधून रखमाबाई उठल्या. त्या गौरीसाठी लेकीकडे आलेल्या, एरवी शहराच्या वाडी भागात राहणाऱ्या. "आम्ही शाळेतल्या पोरी कुंपणावर चढून बघायचो तिला. मी त्या पायी फ्रॉक फाडला आणि मार खाल्ला."

शरदकाकांनी चिठ्ठी डोळ्यांपाशी नेली. "नाही," ते म्हणाले. "चूक."

"चूक?" दिनकररावांचा आवाज चढला. "काय चूक? मी डोळ्यांनी पाहिलंय! तुम्ही काळा चष्मा काढून वाचा आधी!"

"दिनकरराव, उत्तर इथे लिहिलंय आणि ते वेगळं आहे."

"मग लिहिणाऱ्याला अक्कल नाही!"

स्नेहल गोंधळली. सुर्वे? सुर्वे तर आईंचं माहेर. मग ही वत्सला कोण? आईंची बहीण? आईंना बहीण असल्याचं कधी कुणी बोललं नव्हतं. धनाजीरावांचे मामा हयात असेपर्यंत त्यांना 'अक्का' म्हणायचे, एवढंच तिने ऐकलेलं. आणि मग एक विचार आला, काळा, झटकन: आईंनी दुसऱ्याच कुणाची गोष्ट आपली म्हणून तर सांगितली नाही? मनात आल्याबरोबर तिला स्वतःचीच शरम वाटली, पण विचार येऊन गेला होता. तिने समोरच्या गजऱ्याकडे पाहिलं. तो आता थरथरत होता.

"नियम म्हणजे नियम," शरदकाका म्हणत होते. "चिठ्ठीतलं नाव कुणालाही आलेलं नाही. कनु..."

चिमणाबाई उभ्या राहिल्या.

त्या सावकाश उठल्या, खुर्चीच्या पाठीला धरून, उजवा गुडघा आधी सरळ करत. पहिल्या रांगेतली बाई उभी राहिली म्हणून मंडप आपोआप शांत झाला.

"शरदभाऊ, थांबवा तो ढोल. दिनकररावांचं उत्तर बरोबर आहे."

"वहिनी, पण चिठ्ठीत तर तुमचं..." काका अडखळले. त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली, मग चष्म्याच्या वरून बाईंकडे पाहिलं.

"चिठ्ठीतलंही बरोबर आहे. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं माझं. मामंजी म्हणाले, राणीसाहेबांचं नाव ठेवू, घराला शोभेल. झाले चिमणाबाई." त्या दिनकररावांकडे वळल्या. "त्याच्या आधी मी वत्सला सुर्वे होते."

मग दिनकरराव खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आले, अगदी त्यांच्यासमोर, आणि खाली वाकून तोंड निरखून पाहू लागले, भर मंडपात, कसलाही संकोच न ठेवता.

"तुम्ही? अहो, आम्हाला वाटलं तुम्ही मुंबईला गेलात! कुणी म्हणालं आफ्रिकेला! मी तर... खोटं कशाला बोलू... मी तुम्हाला देवाघरीच पाठवलं होतं."

"कुठली आफ्रिका! प्रतापनगरहून शियापुऱ्यात आले. खंडेराव मार्केटात तुमच्याच शेजारी उभी राहून कोथिंबीर घेते मी. परवा तुम्ही माझ्या पुढे घुसलात."

मंडप फुटला. पण तो मघाचा हशा नव्हता. पुढची माणसं उठून उभी राहिली म्हणून मागची उठली, आणि बघता बघता सगळा मंडप उभा राहून टाळ्या वाजवत होता, तो कॉलेजातला पोरगासुद्धा. कनुला काही सुचेना. शेवटी त्याने ढोल गळ्यात अडकवून असा काही ठेका धरला की गणपती आजच निघाला असं वाटावं. रखमाबाई बायकांच्या रांगा ओलांडून आल्या आणि चिमणाबाईंचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "बाई गं, मी तुझ्यासारखी वेणी घालायची! दोन वेण्या, वर बांधलेल्या!" आणि तिथेच डोळे पुसायला लागल्या.

शरदकाका माणूस कचेरीचा. एवढ्या गोंधळातही त्यांना गुणांचं पडलं होतं. "प्रश्न काढणाऱ्याने स्टेजवर यावं," त्यांनी माइकवर सांगितलं. "गुण द्यायचे की नाही ते त्यांनी सांगावं."

स्नेहल ईशानीला काखेत घेऊन वर चढली. दिव्यांनी डोळे दिपले. तिला कधी चारचौघांत बोलता येत नसे.

"माझं उत्तर अपुरं होतं," ती म्हणाली. "दिनकररावकाकांना गुण द्या. आणि रखमाबाईंनाही."

"आणि चिठ्ठीत काय लिहायचं? नोंद राहायला हवी."

ती खाली बघू लागली, सासूबाईंकडे. त्या तिच्याचकडे बघत होत्या, काही न सुचवता. हे तिनेच ठरवायचं होतं.

"वत्सला सुर्वे," स्नेहल म्हणाली. "खेळल्या त्या नावाने. मोठ्या अक्षरात लिहा काका."

मिक्सर शेवटी कुणाला मिळाला हे नंतर कुणाला नीट सांगता आलं नाही. कार्यक्रम तिथेच मोडला होता. पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीभोवती म्हाताऱ्यांचा गराडा पडला, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला तो सामना वेगळा आठवत होता. कुणी म्हणे काठ हिरवा होता, कुणी म्हणे इंदूर नव्हे, ग्वाल्हेर. चिमणाबाई एकेकाला धारेवर धरत होत्या. स्नेहलने त्यांचा असा आवाज घरात कधी ऐकला नव्हता, मोकळा आणि खणखणीत, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोचेलसा. ईशानी केव्हाच तिच्या हातून सुटून खांबांभोवती पळत होती. स्नेहलने एकदा वायरींकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि तिला पळू दिलं.

"आणि ही कोण?" दिनकररावांनी स्नेहलकडे बोट केलं. "मी हिलाच अक्कल नाही म्हणालो ना मघाशी? मुली, माफ कर हं."

"ही माझी सून," चिमणाबाईंनी स्नेहलचा हात ओढून तिला गराड्याच्या आत घेतलं. "स्नेहल. माहेरी स्नेहल, सासरीही स्नेहलच. लग्नात भटजी तांदळाचं ताट घेऊन आले, तर मी म्हटलं, ताट आत न्या, भात लावायला होतील."

स्नेहलला ते ताट आठवलं. आत नेलेलं. तिला तेव्हा वाटलं होतं, गडबडीत विसरले असतील. सासूबाईंचा हात अजून तिच्या मनगटावर होता, चांगलाच घट्ट, आणि तिला तो सोडवून घ्यावासा वाटत नव्हता.

"पण एक आहे," दिनकरराव म्हणाले, "पुढच्या सामन्यात तुम्ही लवकर बाद झालात. खरं बोलायचं तर."

"कोण बाद?" चिमणाबाईंनी मान वळवली. "पाठीला बोटसुद्धा लागलं नव्हतं त्या पोरीचं. बसा इथे, दिनकरराव. स्नेहल, त्यांना खुर्ची दे. आज हा निकाल लावूनच जाऊ."